ग्लेन क्लोज : ऑस्करने डावललं, की पडदा तिचा नव्हताच?

तिसरी घंटा :
ऑस्करचा मोसम आला की अमेरिकी अभिनेत्री ग्लेन क्लोजच्या नावाने गळे काढणं सुरू होतं. आठ नामांकनं, बाहुली एकही नाही. या बाबतीत ती नट पीटर ओ'टूलच्या पंगतीला बसते, आणि त्याला निदान २००३ साली मानद ऑस्कर तरी मिळालं. २०१९ साली तर ऑलिव्हिया कोलमनने स्वतःचं ऑस्कर घेताना स्टेजवरूनच क्लोजला सांगितलं, की तू माझा आदर्श आहेस आणि हे असं व्हायला नको होतं. तेव्हापासून 'बिचारी ग्लेन' हा एक स्वतंत्र उद्योगच झालाय.

माझ्या मते अन्यायबिन्याय काही झालेला नाही. ही बाई हाडाची नाटकवाली. १९७४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आली ती 'लव्ह फॉर लव्ह'मध्ये मेरी युरच्या जागी ऐनवेळी उभी राहून. पुढे तीन टोनी, म्हणजे ब्रॉडवेचे नाट्यपुरस्कार : 'द रिअल थिंग' (१९८४), 'डेथ अँड द मेडन' (१९९२), 'सनसेट बुलेव्हार्ड' (१९९५). एक शब्दांच्या कसरतीचं नाटक, एक हुकूमशाहीत छळ सोसलेल्या बाईचं आणि एक संगीतिका. तिन्हींची जात वेगळी, तिन्हींत ही अव्वल.

सिनेमाने काय दिलं? 'बार्नम' या संगीतिकेत तिला दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिलने पाहिलं आणि १९८२च्या 'द वर्ल्ड अकॉर्डिंग टु गार्प'मध्ये थेट रॉबिन विल्यम्सची आई केलं. विल्यम्स तिच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान! नंतर समजूतदार बायका, नंतर सुरा घेतलेली बाई, नंतर '१०१ डालमेशन्स'मधली खलनायिका क्रुएला. पडद्यावर तिचा अभिनय नेहमी एक माप मोठा वाटतो. क्रुएलात तो शोभला, कारण ती भूमिकाच भडक. बाकी ठिकाणी मला सतत वाटतं, की ही शेवटच्या रांगेसाठी बोलतेय.

मॅटिनी :
एक माप मोठा? 'डेंजरस लिएझन्स'चा शेवट पाहिलाय ना? अब्रू गेल्यावर ती ऑपेराच्या बॉक्समध्ये येऊन उभी राहते, अख्खं प्रेक्षागृह तिच्याकडे वळून फूत्कारतं. ती वळते, आणि बाहेर जाताना पाऊल किंचित अडखळतं. बास, एवढंच. मग आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा पांढरा थर पुसत जाते. एक शब्द नाही. पुसून झाल्यावर खाली जो चेहरा उरतो, तो विसाव्या रांगेतून कुणाच्या बापाला दिसला असता? हे फक्त कॅमेऱ्यासाठी केलेलं काम आहे.

त्या वर्षी ऑस्कर जोडी फॉस्टरला गेलं, 'द अक्यूज्ड'साठी. त्याबद्दल माझं दुमत नाही, फॉस्टर जबरदस्तच होती. पण हरली म्हणून पडदा तिचा नाही, हे तर्कशास्त्र कुठलं?

तिसरी घंटा :
नट आरशासमोर बसून रंग उतरवतोय, ही कल्पनाच मुळात नाटकाची आहे. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

मॅटिनी :
मग 'द वाइफ' घ्या. नवऱ्याला नोबेल मिळाल्याचा फोन पहाटे येतो आणि ती घरातल्या दुसऱ्या फोनवरून ऐकत असते. तिच्या तोंडी काही नाही. आधी आनंद, मग त्याच चेहऱ्यावर काहीतरी थिजतं, आणि सिनेमाचं रहस्य तिथेच अर्धं फुटतं. पहिल्यांदा बघताना आपल्याला कळत नाही, एवढंच. याला जर शेवटच्या रांगेसाठीचा अभिनय म्हणायचं असेल तर माझी बोलती बंद.

कुसळ :
'सुरा घेतलेली बाई' हे एका ओळीत उडवून लावलंत, तिथे थांबायला हवं. 'फेटल अट्रॅक्शन'चा मूळ शेवट वेगळा होता. अ‍ॅलेक्स (विवाहित नायकाच्या मागे लागलेली बाई, क्लोजची भूमिका) 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेराच्या सुरांवर स्वतःचाच गळा चिरते, आणि सुऱ्यावरच्या बोटांच्या ठशांमुळे नायक मायकल डग्लस अडकतो. चाचणी खेळांच्या प्रेक्षकांना ते पटेना. त्यांना त्या बाईला मारलेलं बघायचं होतं. मग बाथटबचा शेवट नव्याने शूट झाला. क्लोजचा त्याला कडाडून विरोध होता, कारण तिने मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून अ‍ॅलेक्स एक आजारी, मोडलेली बाई म्हणून उभी केली होती. शेवटी तिला मान तुकवावी लागली.

सिनेमा पुन्हा पाहा. तो माणूस बायको-मित्रांबरोबर मजेत आहे आणि ही जमिनीवर बसून शेजारच्या दिव्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद करतेय. चेहरा कोरा. यात भडक काय आहे? भडक आहे तो शेवट, आणि तो तिचा नाही. लोकांनी मात्र बाथटबमधून उठणारी बाईच लक्षात ठेवली. स्त्रीवादी लेखिका सुझन फालुडीने १९९१च्या 'बॅकलॅश'मध्ये या सिनेमाची साले काढली आहेत : सिनेमा ज्यावर बेतला त्या मूळ लघुपटात दोष पुरुषाचा होता, तो मसुद्यागणिक बाईकडे कसा सरकत गेला ते. तेव्हा सिनेमाने तिला वापरून घेतलं हे कबूल. तिला पडदा झेपला नाही, हे नाही.

जर्सीकर :
२०१७ साली पॅलेस थिएटरात 'सनसेट बुलेव्हार्ड' पाहिलंय. तेवीस-एक वर्षांनी तीच भूमिका, वय सत्तरीला टेकलेलं. मूळ प्रयोगातला तो अवाढव्य वाडा नव्हता, चाळीस वादकांचा ताफा मंचावरच मांडलेला. वरच्या सुरांना आवाज चिरकत होता हे सांगायला हवं. माझी बायको मध्यंतरात म्हणाली, गाणं हिचं नव्हे. मला तो चिरकणारा आवाजच नॉर्मा, त्या संगीतिकेतली विस्मृतीत गेलेली नटी, वाटला. पण मुद्दा वेगळा आहे.

धागाकर्ते 'तिसरी घंटा' यांनी रंगभूमी म्हणजे सोवळ्यातलं देवघर करून ठेवलंय. ही भूमिका १९९३ साली लंडनमध्ये पॅटी लुपोनने उभी केली होती आणि ब्रॉडवेचा करारही तिच्याकडेच होता. क्लोजचे लॉस एंजेलिसचे प्रयोग गाजले आणि ब्रॉडवे क्लोजला दिलं. लुपोनला भरपाई देऊन प्रकरण मिटवावं लागलं. क्लोजला हे का मिळालं? कारण ती तोवर पडद्यावरची बडी असामी होती. तुमच्या तीन टोनींपैकी तिसऱ्याचं थोडं भाडं सिनेमाने भरलंय!

पुढची गंमत ऐका. १९९५ साली क्लोज सुट्टीवर गेली तेव्हा निर्मात्यांनी गल्ल्याचे आकडे फुगवून छापायला दिले. हेतू असा, की तिच्यावाचून काही अडत नाही हे दिसावं. बिंग फुटलं आणि तिने संगीतिकेचा संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबरला जळजळीत पत्र लिहिलं. तेही वर्तमानपत्रांत पोचलं.

तिसरी घंटा :
म्हणजे तिच्याशिवाय गल्ला पडत होता. आणखी काय पुरावा हवा?

टेबललँड :
थोडं अवांतर, पण आपल्याकडच्यांना माहीत असावं. पाचगणीला एमआरए सेंटर आहे ना, एशिया प्लॅटो, राजमोहन गांधींनी साठच्या दशकात उभं केलेलं? त्याच 'मॉरल री-आर्मामेंट' (एमआरए) या नैतिक सुधारणेच्या चळवळीत क्लोजचं बालपण गेलं. ती सात वर्षांची असताना आईवडील त्यात शिरले. वडील सर्जन, ते पुढे काँगोत गेले. काही काळ कुटुंब स्वित्झर्लंडच्या को गावातल्या मुख्य केंद्रात राहिलं. तरुणपणी ती चळवळीच्याच गाण्याच्या पथकातून गावोगाव फिरली. बाविसाव्या वर्षी बाहेर पडली आणि मग विल्यम अँड मेरी कॉलेजात नाटक शिकली. काय वाटावं, कसं वागावं हे सगळं बाहेरून ठरवलेलं असल्याने स्वतःच्या अंतःप्रेरणेवर बरीच वर्षं विश्वासच बसत नव्हता, असं तिने नंतर मुलाखतींत सांगितलंय. पाचगणीच्या केंद्राबद्दल माझा स्वतःचा अनुभव चांगला आहे, हेही नोंदवतो. तिचं घर आणि ते वेगळं.

मॅटिनी :
अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. जी पोर पंधरा वर्षं मनातलं चेहऱ्यावर येऊ न देता वाढली, ती पुढे मनातलं चेहऱ्याआड ठेवणाऱ्या बायका करते. 'डेंजरस लिएझन्स'मधली मार्कीझ द मेर्त्योय, 'द वाइफ'मधली जोन, अल्बर्ट नॉब्स. अशा अभिनयाला जवळून बघणारा कॅमेरा लागतो.

तिसरी घंटा :
हे घरबसल्या मानसशास्त्र राहू द्या. आणि अल्बर्ट नॉब्सचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. पुरुषाच्या वेशात आयुष्य काढणाऱ्या वेटरची ही भूमिका तिने १९८२ साली ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या नाट्यगृहात, केली आणि ओबी हा तिथला पुरस्कार मिळवला. मग सिनेमा व्हावा म्हणून जवळजवळ तीस वर्षं धडपडली. सहलेखिका तीच, निर्मातीही तीच. २०११ साली सिनेमा आला. नामांकन मिळालं, आणि सिनेमा कसा होता? पुठ्ठ्यासारखा. नाटकात जिवंत असलेलं माणूस पडद्यावर गेल्यावर मेणाचा पुतळा झालं.

कुसळ :
पस्तिशीत करायची भूमिका चौसष्टाव्या वर्षी केली, म्हणून. पैसा उभा राहायला तीस वर्षं लागली हा अभिनेत्रीचा दोष?

तिसरी घंटा :
बरं, मग 'हिलबिली एलिजी'? एकाच भूमिकेसाठी ऑस्करचं आणि सर्वांत वाईट कामाच्या रॅझीचंही नामांकन. एक माप मोठं म्हणतो ते हेच.

रिमोट माझ्याकडे :
दोन्ही बाजूंनी टीव्ही विसरलात. तीन एमी आहेत तिला. 'डॅमेजेस'चे पाच सीझन, २००७ ते २०१२. वकीण पॅटी ह्यूज समोरच्याचा घात करायच्या आधी त्याच्याशी इतक्या मायेने बोलते, की आपणच तिच्यावर विश्वास ठेवतो. पहिल्या सीझनमधलं कुत्र्याचं प्रकरण आठवा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी फोडत नाही. ऑस्करच्या आठही नामांकनांत मिळून जेवढा वाव मिळाला नाही तेवढा तिथे मिळाला, आणि तिने एकदाही आवाज चढवलेला मला आठवत नाही.

तिसरी घंटा :
'डॅमेजेस' पाहिलंय. पाच वर्षं एकच पात्र घोटत राहणं ही नाटकवाल्यांचीच रीत. म्हणून तिथे ती खुलली.

मॅटिनी :
म्हणजे जमलं ते नाटक आणि फसलं तो सिनेमा. वकील म्हणून पॅटी ह्यूजने तुम्हाला नक्की नोकरी दिली असती.