गावच्या चर्चचा निधी गाळ्यांना नको

परदेशातल्या आपल्या मंडळातल्या सगळ्यांना सलाम,

परवा भाऊंनी गावच्या चर्चसाठी निधी जमवायचा मेल टाकला, रोडच्या बाजूनं चार गाळे आणि मागं लग्नाचा हॉल, भाडं येत राहील, मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहील. भाऊ, तुमच्या मनात खोट नाही हे मला पक्कं माहीत आहे, पण मी याला पैसे देणार नाही, आणि का ते नीट लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या. (जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी, आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची इमारत नाही, तिथं जमणारी माणसं.)

मागच्या डिसेंबरात मी तीन आठवडे गावी होते. रविवारी उपासनेला गेले तर गाणं झालं, प्रार्थना झाली आणि मग सूचना सुरू झाल्या, सिमेंटचे किती पोते आले, सेंट्रिंगवाला काय म्हणतो, तहसीलमधे कागद कुठं अडकला, कोणाची वर्गणी राहिली, घड्याळात पाहिलं तर पस्तीस मिनिटं यातच गेली. त्यानंतर पास्टर साहेबांचा संदेश दहा मिनिटं. आदल्या दिवशी मी त्यांना उन्हात ठेकेदाराच्या मागं फिरताना पाहिलं होतं, तयारी करणार कधी तो माणूस? संडे स्कूलच्या खोलीत लोखंड ठेवलं होतं म्हणून पोरांना घरी धाडलं.

आणि आमच्या घरामागची आजी. कंबर मोडल्यापासून खाटेवर आहे. मी विचारलं, काय आणू तुमच्यासाठी, तर म्हणते, "मले काही नको व बाई, पास्टर साहेबाले सांग, मले प्रभुभोजन देऊन जा म्हणा." (प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षारस.) सात महिने कोणी गेलं नव्हतं तिच्याकडं, आणि तिचं घर चर्चपासून एवढं जवळ की घंटा तिला खाटेवर ऐकू येते. मला तेव्हापासून ते वाक्य सुटत नाही.

दारव्ह्याकडची ताई

---

ताई, सलाम.

आजीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण दुसरी बाजू पण पाहा. आपली मंडळी कास्तकारांची आणि मजुरांची. कपाशीला भाव नाही, सोयाबीन पावसात सडलं की अर्पणाच्या थैलीत दहा-वीसच्या नोटा पडतात, पास्टर साहेबांचा पगार दोन-दोन महिने थकतो, मग ते काऊन भाड्याच्या मागं लागणार नाहीत? आणि मिशनऱ्यांनी काय नुसते उपदेश केले का? स्टीफन हिस्लॉप १८४५ मधे नागपूरला आले, शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गाणी लिहून घेतली, दगडधोंड्यांचा पण अभ्यास केला, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे. शाळा-दवाखाने काढले म्हणून मिशन भरकटलं असं कोणी म्हणत नाही. येशूनं पण भुकेल्यांना जेवू घातलंच ना.

अचलपूरचा भाऊ

---

मी ख्रिस्ती नाही पण बोलतो, कारण हे आमच्याकडं पण झालं. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आमच्या गावात रोज संध्याकाळी व्हायची, जमिनीवर सतरंजी आणि एक खंजिरी, बस. मग सभामंडप बांधला, टाइल्स लावल्या, आणि दोन वर्षं मंडपाच्या हिशोबावरून इतकी भांडणं झाली की प्रार्थनेला पाच म्हातारे उरले. ताईंचं म्हणणं मला पटतं.

वर्ध्याचा एक सभासद

---

भाऊ,

पगाराचं तुम्ही बरोबर बोललात, ते माझ्या मेलमधे यायला हवं होतं. पण हिस्लॉप साहेबांचंच घ्या, ते १८६३ मधे नदी ओलांडताना बुडून गेले तोवर शाळा, दगड, भाषा सगळं केलं, पण आले कशासाठी होते हे विसरले नाहीत. शाळेतून वचन, म्हणजे बायबलमधला देवाचा शब्द, पोरांपर्यंत जायचं. गाळ्यातून काय जाणार, मोबाईल रिचार्ज? दवाखाना आणि शाळा ही सेवा आहे, भाडं हे उत्पन्न आहे, या दोन गोष्टी एकात मिसळू नका.

आणि जेवणाचंच म्हणाल तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा वाचा. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोजचं अन्न वाटायचे, त्यात काहींना वगळलं जायचं, कुरकुर झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, वाटप बंद नाही केलं. गरीब विधवांचं काम कमी लेखलं नाही. सात चांगले माणसं निवडायला लावले, ते काम त्यांच्या हाती दिलं आणि स्वतः प्रार्थना आणि वचनाच्या सेवेला लागून राहिले. आपण उलटं करून राहिलो, वचनाचा माणूस सिमेंटला लावला आणि वचन कोणाच्याच हाती नाही. आपल्या मंडळीत चार वडील (कारभार पाहणारी जाणती माणसं) आहेत, एक रिटायर्ड तलाठी, एक शाळेतले हेडमास्तर, हिशोब आणि तहसील त्यांच्याइतकं कोणाला जमतं?

यवतमाळला १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. पाळक, म्हणजे पास्टर, शिकवायची एवढी मोठी जागा आपल्या कापसाच्या जिल्ह्यात तीस वर्षं होती, आणि आज त्याच जिल्ह्यात आपल्या पास्टर साहेबांकडं दोन-तीन जुनी पुस्तकं सोडली तर अभ्यासाला काही नाही.

म्हणून मी म्हणते, निधी जमवा, पण तो पगाराला, चार वाड्या-वस्त्यांवर फिरायला गाडीच्या पेट्रोलला, पुस्तकांना आणि संडे स्कूल घेणाऱ्या बाईंच्या मानधनाला. माझा वाटा मी लगेच देते, गाळ्यांसाठी देणार होते त्यापेक्षा जास्त.

एक कायद्याची गोष्ट, ही सगळ्यांनी वाचा. आपल्यापैकी ज्यांनी इकडचं नागरिकत्व घेतलं त्यांचे पैसे २०१० च्या एफसीआरए कायद्यात परकीय देणगी धरले जातात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. ते घ्यायला तिकडच्या संस्थेकडं रजिस्ट्रेशन किंवा परवानगी पाहिजे, आणि ते दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावे लागतात. भारतीय पासपोर्टवाल्यांची स्वतःची बचत बँकेतून गेली तर ती परकीय धरत नाहीत. कोणीही कोणाच्या पुतण्याच्या खात्यावर परस्पर टाकू नका, त्रास पास्टर साहेबांना होईल.

वडिलांपैकी दोघांशी फोनवर बोलले मी, हिशोब आम्ही घेतो म्हणाले. रविवारी तुम्ही पण लाईनवर या भाऊ, पगार किती महिन्यांचा थकला तो आकडा आधी विचारू. आणि आजीकडं कधी जाता हे पण विचारायचं आहे मला, पहिल्या पाच मिनिटांत.

ताई