कादंबरी वाचली म्हणून एक्सपी? टेबलावर न घडलेल्या गोष्टीचं बक्षीस कशाला?

फासेदार
परवा इथे डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ) एका डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, टाकलेली पोस्ट वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय. फॉरगॉटन रेल्म्स या खेळातल्या जगातलं नवीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट), पाचवी एडिशन, पहिल्या लेव्हलपासून सुरुवात, आणि नियम असा की त्या जगातली एक कादंबरी वाचून अर्ध्या पानाचा सारांश दिला की कॅरेक्टरला ३०० एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण), दुसरी वाचली की एक जादूची वस्तू. खाली सगळ्यांचं "मस्त आयडिया", "आम्ही पण करणार". मला अजिबात पटलेलं नाही.

दुसऱ्या लेव्हलला लागतात बरोबर ३०० एक्सपी. म्हणजे ज्याने घरी बसून पुस्तक संपवलं तो पहिल्या सेशनला येतानाच दुसऱ्या लेव्हलचा, आणि शेजारचा ज्याला वेळ मिळाला नाही तो पहिल्याच लेव्हलवर. पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर किती नाजूक असतं हे इथे कुणाला सांगायला नको, गॉब्लिनचा एक फासा चांगला पडला की माणूस आडवा. दोन फायटर असतील तर एकाकडे अॅक्शन सर्ज (एका पाळीत जादा कृती) आहे, दुसऱ्याकडे नाही, आणि कारण काय तर एकाने सारांश लिहिला.

बरं आकडा कमी केला तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. हा खेळ ज्याला बक्षीस देतो तेच लोक करायला लागतात. जुन्या एडिशनमधे बाहेर काढून आणलेल्या सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी होता, म्हणून शहाणे प्लेयर ड्रॅगनशी लढायच्या भानगडीत पडायचेच नाहीत, तो झोपलेला असताना खजिना कसा लांबवायचा याचे बेत करायचे. तो नियम चांगला की वाईट ते सोडा, पण तो निदान सगळ्यांच्या डोळ्यादेखत घडणाऱ्या गोष्टीसाठी होता. वाचणं तिथे घडतच नाही. पुस्तकं जरूर वाचा, मीही वाचतो, पण वाचलेलं खेळात उपयोगी पडतं तेवढं बक्षीस पुरे आहे.

नकाशावाली
ती पोस्ट माझी आहे. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुम्हाला टेबलावरचं दिसतं, टेबलामागचं दिसत नाही. दर कॅम्पेनच्या आधी मी देव, शहरं, गट, कोणाचं कोणाशी वैर, असं सगळं टाइप करून पाठवते आणि कुणीही ते उघडत नाही. सहाव्या सेशनला क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीवर चालणारा पुजारी, खेळणारा मला विचारतो "माझा देव नक्की कशाचा आहे?" अहो, तुझी सगळी शक्ती ज्याच्याकडून येते तो देव! सेटिंगचं जाडजूड पुस्तक कोणी वाचणार नाही हे मी मान्य केलंय, पण कादंबरी लोक वाचतात कारण तिच्यात गोष्ट असते, आणि गोष्टीतून जग आपोआप डोक्यात बसतं.

मागच्या कॅम्पेनमधे एका मुलीने स्वतःहून एक वाचली होती. तिची क्लेरिक लॅथँडरची, पहाटेचा देव. सराईत पोचल्यावर बाकीचे भाडं किती, दारू काय आहे विचारतायत आणि ही मालकाला विचारते "पूर्वेकडे खिडकी असलेली खोली आहे का?" पहाटेची प्रार्थना करायची म्हणून. माझ्या अंगावर काटा आला. त्या एका प्रश्नानंतर बाकीच्यांनीही आपापल्या कॅरेक्टरचा विचार करायला सुरुवात केली. हे मला सगळ्यांकडून हवंय आणि त्यासाठी ३०० एक्सपी द्यायला मी तयार आहे.

फासेदार
खिडकीचा प्रश्न सुंदरच आहे. पण तो टेबलावर आला ना? मग बक्षीस त्या प्रश्नाला द्या! इन्स्पिरेशन त्यासाठीच तर आहे. २०१४च्या नियमात स्पष्ट आहे की स्वभाव, आदर्श, नातं, दुर्गुण यांना धरून खेळलात तर डीएम इन्स्पिरेशन देतो, मग एका रोलला वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. अकरा किंवा जास्त लागत असेल तर ५० टक्क्यांचे ७५ होतात, काही कमी नाही. आणि साठवता येत नाही, पण दुसऱ्या प्लेयरला देता येतं. तुमच्या त्या मुलीला कुणी एक्सपीचं आमिष दाखवलं नव्हतं, तरी तिने वाचलंच की.

तिसरा_पहारा
दोघंही टोकाला जाताय. हे पूर्वी झालेलं आहे आणि त्याने आभाळ कोसळलं नाही. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या पाथफाइंडर सोसायटी या संघटित खेळात पाथफाइंडर टेल्सच्या कादंबऱ्यांसाठी क्रॉनिकल शीट (बक्षिसाची नोंदपत्रं) होत्या, त्यातून कॅरेक्टरला छोटे छोटे बून, म्हणजे फायदे, मिळायचे. कंपनीला पुस्तकं खपवायची होती हे उघड आहे आणि मला त्यात वाईट काही दिसत नाही. बक्षीस लहान असलं की वाचणाऱ्याला आनंद आणि न वाचणाऱ्याचं काही अडत नाही. भांडण ३०० या आकड्याचं आहे, कल्पनेचं नाही.

विहिरीकाठी
मला कल्पनेचंच भांडण वाटतं आणि त्याला कारण आहे. ड्रॅगनलान्स या डी अँड डीच्या दुसऱ्या जगाचं पहिलं मॉड्यूल (छापील तयार साहस) चालवत होतो, १९८४चं, त्याच वर्षी त्याच गोष्टीची कादंबरी पण आली. तयार कॅरेक्टर पण तीच, टॅनिस, रेस्टलिन वगैरे. उत्साहाच्या भरात मीच सगळ्यांना म्हटलं होतं की पुस्तक वाचा, मजा येईल. एकाने वाचलं. झॅक त्सारोथच्या पडक्या शहरात विहीर लागते, त्या विहिरीतून काळा ड्रॅगन वर येतो, तो क्षण म्हणजे त्या अख्ख्या मॉड्यूलचा जीव. हा पठ्ठ्या विहीर दिसायच्या आधीच म्हणतो "आपण सगळे पांगून उभे राहू, उगाच एका जागी नको." बाकीच्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना कळलं. ड्रॅगन आला तेव्हा कुणी दचकलं सुद्धा नाही. रेस्टलिन खेळणाऱ्याला तर आपलं पुढे काय होणार हे त्याच्या तोंडूनच कळलं आणि तो त्यानंतर मनापासून खेळलाच नाही.

आता अशा माणसाला वरून एक्सपी द्यायचे?

नकाशावाली
मी मॉड्यूलची कादंबरी वाचा म्हटलेलंच नाही. त्याच जगातली, दुसऱ्या काळातली, दुसऱ्या गावातली कुठलीही. तुमच्या उदाहरणाचा माझ्या नियमाशी संबंध नाही.

अथासचा_भटका
संबंध आहे आणि तो तुम्हा सगळ्यांना वाटतोय त्याच्यापेक्षा मोठा आहे. कादंबऱ्या खेळाच्या जगाची वाट लावतात. डार्क सन या डी अँड डीच्या वाळवंटी जगाचं उदाहरण घ्या. १९९१मधे त्याचा बॉक्स (जगाची माहिती असलेला संच) आला, पाणी नाही, लोखंड नाही, शहरांवर जादूगार राजे, इतकं जबरदस्त जग मी दुसरं पाहिलेलं नाही. बॉक्स उघडून आम्ही ठरवतोय की आपला गट टीर शहराच्या कालक राजाला कसा उलथवणार, आणि त्याच वर्षी आलेल्या पहिल्या कादंबरीत कालक मेला सुद्धा! मारला कुणी, तर कादंबरीतल्या हिरोंनी. त्याच घटनेवरचं मॉड्यूल पण काढलं आणि त्यातही मान त्यांचाच. पाच कादंबऱ्या संपेपर्यंत आणखी जादूगार राजे गेले, त्या जगाचा खुद्द ड्रॅगन गेला, आणि १९९५च्या सुधारित बॉक्समधे ते सगळं "झालेलं आहे" म्हणून छापून टाकलं. आम्ही प्लेयरनी करायचं काय मग, झाडलोट?

मला कुणी ती पुस्तकं वाचायचं बक्षीस देऊ केलं तर मी टेबल सोडून जाईन.

जुना_मारेकरी
भाऊ, तुमचा निदान राजा गेला, माझं कॅरेक्टर गेलं. १९८९मधे दुसरी एडिशन आली, तिच्यातून असॅसिन (मारेकरी) हा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा प्रकार, काढून टाकला. ठीक आहे, नियम बदलतात. पण फॉरगॉटन रेल्म्समधे त्याचं "कारण" द्यायचं म्हणून अवतार या मालिकेच्या कादंबऱ्यांमधे बेन देवाने सगळे मारेकरी एका फटक्यात संपवले. त्याच कथेची तीन मॉड्यूल होती, त्यात आपण बहुतेक वेळ त्यांच्या हिरोंच्या मागे मागे फिरायचं. मला हे काहीच माहीत नव्हतं. आमच्या डीएमने मात्र पुस्तकं वाचलेली. सेशन सुरू झालं आणि तो शांतपणे म्हणाला "तुझं कॅरेक्टर छातीवर हात ठेवून खाली कोसळतं." फासा नाही, वाचायची संधी देणारा सेव्ह नाही, काही नाही. मी हातात शीट धरून बसलेलो. त्या असॅसिनला मी आठव्या लेव्हलपर्यंत आणलं होतं.

चंद्रकोर
वाईट झालं, पण हा दोष पुस्तकाचा कसा? तुमच्या डीएमला "आमच्या टेबलावर हे घडलं नाही" एवढं म्हणता आलं असतं. पुस्तकात लिहिलंय म्हणून माणसाचं कॅरेक्टर मारणारा डीएम पुस्तक नसतं तरी दुसरं काहीतरी निमित्त काढून मारतो.

जुना_मारेकरी
तुम्ही त्या टेबलावर नव्हतात. तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की छापलेलं आहे म्हणजे तसंच झालं पाहिजे, त्या काळी सगळ्यांनाच वाटायचं, पुढची प्रत्येक पुस्तिका तेच धरून यायची. तुम्हाला आज घरबसल्या "म्हणता आलं असतं" लिहिणं सोपं आहे.

चंद्रकोर
बरं, त्या काळचं तुम्हाला जास्त माहीत. पण आजचा नियम आज ठरतोय ना? एबेरॉन हे डी अँड डीचं आणखी एक जग २००४मधे आलं तेव्हापासून त्यांचं धोरण साफ आहे, कादंबऱ्या कॅनन (खेळात खरं धरायचं ते) नाहीत, जगाचं घड्याळ ९९८ सालावर थांबलेलं, पुढे काय होणार ते तुमचं टेबल ठरवणार. २०२१मधे डी अँड डीच्या लोकांनीच सांगितलं की पाचव्या एडिशनसाठी कादंबऱ्या कॅनन धरायच्या नाहीत. आणि भटके, तुमचं डार्क सन २०१०मधे चौथ्या एडिशनला परत आलं तेव्हा कालक नुकताच मेलाय इथपासूनच सुरू केलं, पुढच्या कादंबऱ्यांमधलं सगळं बाजूला ठेवून. म्हणजे तुमची तक्रार त्यांनी ऐकली.

अथासचा_भटका
एकोणीस वर्षांनी ऐकली. आणि कालक मेलेलाच ठेवला. पण हो, २०१०चा बॉक्स... बॉक्स नव्हे, पुस्तक, ते चांगलं होतं, तेवढं देतो तुम्हाला. ड्रॅगन जिवंत होता त्यात.

फासेदार
चंद्रकोर, तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत. कंपनी स्वतः म्हणते कादंबरीतलं खेळात खरं धरू नका, आणि आपण तीच वाचल्याबद्दल खेळातले गुण वाटतोय.

नकाशावाली
कॅनन नसलं म्हणून काय झालं? मला कोण राजा कधी मेला हे पाठ करून नकोय. त्या जगात माणसं बोलतात कशी, देवाला घाबरतात की त्याच्यावर रुसतात, जादू दिसली की लोक पळतात की टाळ्या वाजवतात, हे यायला हवंय. ते साल चुकलं तरी येतं. भटके आणि मारेकरी, तुमचं दुःख खरं आहे पण कृपा करून वेगळा धागा काढा, माझ्या नियमाचा मुडदा त्या ३० वर्षांपूर्वीच्या भांडणात पाडू नका.

हळूवाचक
मी इथे सहसा लिहीत नाही. मला डिस्लेक्सिया आहे. कादंबरीचं एक पान मला किती वेळ घेतं ते सांगत बसत नाही. हा खेळ मला आवडतो कारण तो बोलून, ऐकून खेळतात, टेबलावर मी कुणापेक्षा कमी नसतो. एका गटात असाच नियम होता, तिथे सारांशाऐवजी पाच प्रश्न विचारायचे. मी ऑडिओबुक ऐकून गेलो होतो. सगळी उत्तरं दिली, तर एकजण म्हणाला "पण हे वाचणं नाही." डीएमने विचार केला आणि अर्धे एक्सपी दिले. सगळ्यांसमोर. मी पुढच्या वेळी गेलो नाही.

शिवाय ही पुस्तकं ज्या भाषेत आहेत ती प्रत्येकाला सारखी येत नाही. खेळ आपण आपल्या भाषेत खेळतो, बक्षीस मात्र दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्याला.

तिसरा_पहारा
अर्धे एक्सपी हा प्रकार मला भयंकर वाटला. ऐकलेली गोष्ट अर्धी असते का? आपला अख्खा खेळ ऐकलेल्या गोष्टींवर चालतो.

विहिरीकाठी
ऑडिओबुकबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, काम करता करता ऐकलेलं निम्मं डोक्यात राहत नाही...

तिसरा_पहारा
मग वाचलेलं तरी किती राहतं? तुमच्या त्या माणसाच्या डोक्यात विहीर राहिली तीच तुम्हाला नको होती. दोन्हीकडून बोलू नका.

नकाशावाली
हळूवाचक, तुमच्या बाबतीत झालं ते माझ्या टेबलावर कधीच झालं नसतं, पण असं होऊ शकतं हे दिसतंय आणि त्यावर मी रात्रभर विचार केला. ३०० एक्सपी काढते. फासेदार, तुम्ही लेव्हलचा हिशोब मांडलात म्हणून नव्हे, मी सगळ्यांना दुसऱ्या लेव्हलपासून सुरू करून तो प्रश्न दोन मिनिटांत मिटवला असता. सारांश पण नको. कुणी वाचून, ऐकून, मित्राकडून गोष्ट समजून घेऊन, कसंही, त्या जगातलं काहीतरी टेबलावर आणलं आणि त्याने सीन पुढे गेला, तर इन्स्पिरेशन, आणि ते त्याने दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. म्हणजे वाचणाऱ्याचा फायदा न वाचणाऱ्याला.

जादूची वस्तू मात्र राहणार. एकच, गटाची, कुणा एकाची नाही, आणि ती कुठे पुरली आहे याचा धागा एका कादंबरीत आहे. एकानेही शोधला तरी सगळ्यांना मिळेल.

फासेदार
इन्स्पिरेशनचं मी तिसऱ्याच पोस्टमधे लिहिलं होतं, असो. द्यायचं दुसऱ्याला ही भर चांगली आहे, ती मी माझ्या टेबलावर घेतो.

वस्तूला माझा विरोध कायम. गटात एकानेही पुस्तक उघडलं नाही तर त्यांच्या कॅरेक्टरना ती शोधायचा दुसरा रस्ताच नाही. तोच धागा खेळाच्या आतही ठेवा, एखाद्या म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या तोंडी, एखाद्या थडग्यावर. मग वाचलेला लवकर पोचेल, न वाचलेला उशिरा पोचेल, पण पोचेल.

नकाशावाली
थडगं ठेवते. पुजारी नाही, त्याच्याशी ते तीन सेशन गप्पा मारतील.

अथासचा_भटका
डार्क सनचा वेगळा धागा काढलाय. मारेकरी, तुमची गोष्ट तिथे पूर्ण लिहा. चंद्रकोर, तुम्हीही या, एबेरॉनच्या घड्याळाबद्दल मला बरंच बोलायचंय.