प्रतिसाद: कोनहाइम आणि पूपेशींचा उगम
'जर्मन विकृतिशास्त्रज्ञ (रोगाने ऊतींत होणारे बदल अभ्यासणारा) ज्युलियस कोनहाइम म्हणजे त्याचा गुरू रुडॉल्फ फिर्खो याचीच सावली' असं वर एकाने म्हटलंय, ते पटत नाही. 1864 ते 1868 तो बर्लिनला फिर्खोचा सहायक होता खरा, पण 1867च्या निबंधात त्याने गुरूच्याच मताला सुरुंग लावला. फिर्खोच्या मते पूपेशी (पुवातल्या पेशी) जागेवरच्या ऊतींतून तयार होतात. कोनहाइमने त्या रक्तातून येताना दाखवल्या.

प्रयोग असा: क्युरारे (स्नायू लुळे करणारं विष) देऊन बेडूक निश्चल करायचा, आतडं बाहेर काढून त्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा. हवा लागणं एवढंच दाह (इजेनंतर येणारी सूज-लाली) सुरू व्हायला पुरतं. आधी वाहिन्या रुंदावतात, प्रवाह वाढतो, मग मंदावतो. पांढऱ्या पेशी शिरांच्या भिंतीला चिकटतात आणि काही तासांत भिंतीतून पलीकडे सरकतात. पडदा जास्त ताणला किंवा सुकला, की रक्तप्रवाहच थांबतो आणि काही दिसत नाही. पुरावा पक्का करायला त्याने बेडकाच्या लसिकाकोशात (त्वचेखालच्या लसिकेच्या पिशवीत) अॅनिलीन निळा रंग टोचला. डाग देऊन इजा केलेल्या पारपटलात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) पुढे निळे कण गिळलेल्या पेशी सापडल्या. (इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलरने हे स्थलांतर 1846लाच पाहिलं होतं, पण तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही.)

पुढे तो प्राध्यापक म्हणून कीलला, 1872ला ब्रेस्लाऊला आणि 1878ला लाइपझिगला गेला. त्याच्या शिक्षकी कारकिर्दीत मला ब्रेस्लाऊचा काळ सर्वांत महत्त्वाचा वाटतो: विकृतिशास्त्रज्ञ वायगर्ट सहायक, 1876ला जंतुशास्त्रज्ञ कॉखचं अँथ्रॅक्सच्या जंतूचं प्रात्यक्षिक, आणि पुढच्या वर्षी आलेल्या अमेरिकन डॉक्टर वेल्चला दिलेला फुप्फुसशोफाचा (फुप्फुसात पाणी साठण्याचा) विषय. 1884ला तो गेला, पंचेचाळिशीतच.