मदत हवी आहे : एक्सरे नॉर्मल, तरी टाच उचलत नाही (ओआय)

काचसामान
लवकर उत्तर हवंय. गेल्या सोमवारी जिन्यात टाचेमागे खट्‌ झालं. कोणीतरी मागून काठी मारली असं वाटून वळूनही बघितलं. हाडच गेलं असणार म्हणून सवयीने घरातला जुना स्प्लिंट बांधून दवाखान्यात गेलो. एक्सरे नॉर्मल. ‘लचक आहे, क्रेप बँडेज बांधा.’ आज नववा दिवस. चालता येतं, पण पाय फरफटतो. ओआयवाल्या कुणाला असं झालंय का? ‘डॉक्टरांना दाखवा’ सोडून काहीही सांगा, दाखवून झालंय.

पार्ल्याची_आज्जी
ओआय म्हणजे काय रे बाळा?

काचसामान
ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. जन्मजात ठिसूळ हाडं. आईकडून आलंय.

नाचणीप्रेमी
रोज नाचणीची आंबील आणि शेवग्याचा पाला. माझ्या सासूबाई ७४व्या वर्षी जिने चढतात.

काचसामान
कॅल्शियमचा प्रश्नच नाही हो. हाडांना बळकटी देणारं कोलाजेन हे प्रथिनच कमी पडतं. स्लॅबच्या सळ्याच कमी असतील तर वरून सिमेंट ओतून काय होणार?

दोन_कुबड्या
वय? ओआयचा टाइप? कुठला पाय? त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येतं का? काहीच न सांगता ‘लवकर उत्तर हवंय’ म्हणे.

काचसामान
३६. टाइप १. डावा. चवड्यावर नाही येत उभं राहता. एकूण १९ फ्रॅक्चर, शेवटचं बारावीत. म्हणून तर वाटलं होतं, सुटलो एकदाचा.

दोन_कुबड्या
वयात आल्यावर फ्रॅक्चर कमी होतात, पण कोलाजेन तेच राहतं ना. टाइप १ कोलाजेन हाडात असतं तसंच टेंडनमध्येही, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत. आपल्याकडे मात्र जो तो हाडच बघत बसतो. माझ्या मुलाने शाळेत चेंडू फेकला आणि कोपराचं टोकच निघालं. पडला नाही, आपटला नाही. दंडामागच्या स्नायूच्या टेंडनने हाडाचा तुकडा ओढून काढला. तिथे निदान हाड तरी होतं, म्हणून एक्सरेत दिसलं. नुसतं टेंडन तुटलं तर एक्सरे नॉर्मलच येणार.

सांगलीकर_७१
नस चढली असेल. तिळाचं तेल कोमट करून पोटरीपासून खाली जोर लावून चोळा, वर हाडजोडीचा लेप. आमच्याकडे एक जण तीन चोळण्यांत पाय बसवतो.

फिजिओताई
चोळू नका! जोर लावून ताणूही नका. तुटलेलं टेंडन चोळून जुळत नाही, आणि ओआयच्या पायावर जोर लावला तर चांगलं हाडही जाईल.

सांगलीकर_७१
तुमच्या मशीनच्या शेकाने किती बरे झाले ते पण सांगा.

फिजिओताई
मी शेक सांगितलाच नाही. @काचसामान, पलंगावर पालथे झोपा, पावलं कडेबाहेर. घरातल्या कुणाला तरी पोटरी हलक्या हाताने दाबायला सांगा. पाऊल खाली वळतं का बघा, दोन्ही पायांचं. आणि आधी टाच दुखत होती का? सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक घेतली होती का? टाचेत इंजेक्शन?

तात्या_निवृत्त
युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. तुमचं अस्थिव्यंगात बसेल, सवलतींना ४० टक्के लागतात.

पार्ल्याची_आज्जी
तात्या, त्याचा पाय लटकलाय आणि तुम्ही कार्ड काढताय.

तात्या_निवृत्त
मी सोयीचं सांगितलं. नको असेल तर राहिलं.

काचसामान
अँटिबायोटिक नाही. टाच मात्र दिवाळीपासून दुखत होती, म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं. दोनदा. त्याचा काय संबंध?

फिजिओताई
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! टेंडनजवळ स्टिरॉइड दिलं की ते कमजोर होऊन तुटू शकतं. तुमचं तर मुळातच कच्चं.

दोन_कुबड्या
इंजेक्शन देणाऱ्याला ओआय आहे हे सांगितलं होतंत का?

काचसामान
टाचेसाठी कशाला सांगू? हाडाचं थोडंच होतं.

(तासाभराने)

बायकोने दाबून बघितलं. उजवं पाऊल लगेच वळलं. डावं तसंच लटकलेलं. तिला वाटलं दाबायलाच चुकतंय, तीनदा दाबलं. टाचेच्या वर बोट फिरवलं तर मध्येच खड्डा लागतो. प्लास्टर घालतील का? दहावीत तीन महिने प्लास्टरमध्ये होतो, काढल्यावर आठवड्यात तोच पाय पुन्हा मोडला.

फिजिओताई
म्हणजे टाचेमागचं टेंडन तुटलेलं दिसतंय. उद्याच सोनोग्राफी, आणि ओआय माहीत असलेला ऑर्थोपेडिक गाठा. ऑपरेशन की नुसता बूट, ते तोच ठरवेल. तोपर्यंत त्या पायावर भार नको. आणि प्लास्टरचा हा अनुभव त्याला नक्की सांगा, जास्त दिवस बांधून ठेवलं की हाड आणखी कमजोर होतं. पाऊल खाली वळवून ठेवणारा बूट मिळतो, त्याबद्दल विचारा.

काचसामान
सकाळी साडेनऊची वेळ मिळालीय. कुबड्या माळ्यावरून काढल्यात, रबर पार गेलंय त्यांचं.

दोन_कुबड्या
रबर मेडिकलमध्ये मिळतं. जुनं रबर सोबत न्या, नाहीतर हमखास चुकीचा नंबर देतात.

तात्या_निवृत्त
आणि रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवा. लागते.