विस्कॉन्सिनमधील शिकारतळावर पहिल्यांदाच जाताना

प्रश्न: अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात असलेल्या आपल्या कुटुंबाच्या शिकारतळावर, म्हणजे हरणांच्या शिकारीसाठी मुक्काम करण्याच्या जागी, माझ्या सहकाऱ्याने मला या नोव्हेंबरात बोलावले आहे. मी बंदूक चालवणार नाही आणि शाकाहारी आहे. तेथे पाहुणा म्हणून कसे वागावे?

उत्तर १: अवश्य जा. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारचा अमेरिकी सण) आधीच्या शनिवारी सुरू होणारा हा बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा ९ दिवसांचा हंगाम तेथील अनेक घरांत सणासारखा पाळला जातो. त्यामुळे तळावर बोलावणे म्हणजे घरातले मानणेच होय. शिकाऱ्याच्या कमरेच्या वरच्या भागातील बाहेरच्या कपड्यांचा किमान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा, असा राज्याचा नियम आहे. आपण शिकार करणार नसलात तरी जंगलात पाऊल टाकताना नारिंगी जाकीट आणि टोपी घालाच; यात मुळीच हयगय करू नका.

उत्तर २: माझ्या पहिल्या वर्षी मी न सांगता लाकडे फोडली, भांडी घासली आणि तेवढ्यानेच परकेपणा गेला. पहाटे सगळे आपापल्या मचाणाकडे निघतात, तेव्हा विचारल्याशिवाय कोणाच्याही मागे जाऊ नका. आहाराविषयी यजमानांना आधीच कळवा आणि सर्वांना पुरेल एवढी उसळ सोबत न्या.

उत्तर ३: मी आमच्या तळावर नवख्यांना बोलावतो, म्हणून यजमानांच्या बाजूने लिहितो. हरीण सोलताना पाहणे जड गेले, तर शांतपणे आत येऊन बसा. त्याचे आम्हाला कधीच वाईट वाटत नाही.