बंदराच्या चित्रातलं जहाज: अर्थ शोधायचा की नुसतं जहाज म्हणून बघायचं?

कसबा_पेठ: टिळक रोडला एका मित्राकडे आम्ही काही जण चित्रं बघायला जमतो, यावेळी जर्मन चित्रकार फ्रीडरिखचं १८३५ च्या सुमाराचं चित्र घेतलं, किनाऱ्यावर पाच माणसं आणि पाण्यात पाच जहाजं, आणि त्यावरून जोरदार वाद झाला. एक म्हणतो जहाज म्हणजे आयुष्य, दुसरा म्हणतो बंदर आहे तर जहाजं असणारच, उगाच अर्थ कशाला काढताय. कसं ठरवायचं हो हे?

रंगरेषा: या चित्रात तरी अर्थ आहेच. पाठमोरा म्हातारा काठी घेऊन पाण्याकडे चाललाय, तो स्वतः फ्रीडरिखच असं बरेच जण मानतात. मधल्या मोठ्या जहाजाची डोलकाठी नीट बघा, क्रूस दिसतो. आपण कीर्तनात भवसागर आणि पैलतीर ऐकत वाढलो म्हणून हे चित्र पटकन जवळचं वाटतं, पण त्याची श्रद्धा ख्रिस्ती होती हे विसरू नका.

शीड_आणि_वारा: सगळीकडे अर्थ नका शोधू प्लीज. १७५३ मध्ये फ्रान्सच्या राजाने, पंधराव्या लुईने, चित्रकार व्हर्नेला फ्रान्सची बंदरं रंगवायला सांगितली, १५ चित्रं झाली, राजाला आपली बंदरं बघायची होती. त्यात धक्क्यावरची माणसं आणि कामंधंदे बघण्यातच खरी मजा आहे.

रंगरेषा: मान्य. म्हणून मी एकच बघते, चित्रकाराने खऱ्यात काय बदललं. इंग्रज चित्रकार टर्नरचं टेमेरेअर या युद्धनौकेचं चित्र घ्या, १८०५ ला ट्रॅफल्गारच्या समुद्री लढाईत लढलेलं हे जहाज १८३८ मध्ये तोडायला ओढून नेलं तेव्हा त्याच्या डोलकाठ्या आधीच काढलेल्या होत्या. टर्नरने त्या परत उभ्या केल्या, जहाज फिकट सोनेरी केलं, ओढणारी वाफेची बोट काळपट ठेवली आणि बाजूला मावळता सूर्य. एवढं सगळं मुद्दाम केलंय म्हणजे त्याला काहीतरी सांगायचंच होतं ना!

कसबा_पेठ: हे पटलं. पण फ्रेंच चित्रकार क्लोदचं १६४८ चं, बायबलमधली शेबाची राणी जिथून निघते त्या बंदराचं चित्र? ते तर सगळंच मनातलं.

रंगरेषा: मग तिथे सूर्य कुठे ठेवलाय ते आधी बघा, सगळा उजेड त्या पाण्यावरून येतो आणि राणी त्याच दिशेने निघालीय. शेजारी टर्नरचं १८१५ चं, कार्थेज या प्राचीन शहराचं चित्र लावा, टर्नरनेच मृत्युपत्रात ते क्लोदच्या या चित्राजवळ टांगायला सांगितलं होतं.