पाणी चढायच्या आधी गोळ्या मोजा

(कोल्हापुरातल्या सोसायटीचा ग्रुप, रात्री साडेआठनंतर)

सी-१०४ : राजाराम बंधाऱ्याला पाणी ३७ फुटांच्या वर गेलंय. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पार्किंगमधल्या गाड्या आजच वर काढा.

ए-३०१ : काढल्या काका. पिण्याच्या पाण्याचे कॅन पण भरून ठेवलेत.

बी-२०२ : रक्त पातळ व्हायची गोळी कुणाकुणाच्या घरी चालू आहे? किती शिल्लक आहेत ते आत्ता उठून मोजा. उद्यावर टाकू नका.

ए-३०१ : आमच्या बाबांना आहे वहिनी, ॲसिट्रोम. पण पुरात दोन दिवस चुकली तर एवढं काय होणार?

बी-२०२ : भाऊजी, आमच्या घरातलं सांगते. ह्यांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, धातूचा आहे. गोळी जन्मभर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. पेट्रोल नाही, दूध नाही, आमच्या नेहमीच्या मेडिकलात कमरेएवढं पाणी. घरात सहाच गोळ्या राहिल्या होत्या. ह्यांनी मला न सांगता सासूबाईंच्या अडकित्त्यानं त्या अर्ध्या करून खायला सुरुवात केली. पेपरवर ठेवून कापायचे आणि सांडलेला भुगा बोटानं टिपून घ्यायचे. विचारलं तर म्हणाले, पुरवून खातोय.

धातूच्या व्हॉल्व्हचा आवाज येतो, घड्याळासारखा टिकटिक. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झाली होती. त्या आठवड्यात लाईट नव्हती, पंखे बंद, सगळीकडं सामसूम, आणि तरीही मला तो आवाज ऐकू येईना. छातीला कान लावला तर दबल्यासारखा. सकाळी एक जिना चढताना ह्यांना धाप लागली. दवाखान्यात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ घेतं त्याचा आकडा, १.३ निघाला. ह्यांना डॉक्टरांनी २.५ ते ३.५ सांगितलाय. व्हॉल्व्हवर गुठळी धरली होती. नऊ दिवस ॲडमिट होते. वाचले. अर्धी गोळी ही अर्धा उपाय नसते हो, हे तेव्हा कळलं.

ए-३०१ : बाप रे. वहिनी, हे ठाऊकच नव्हतं.

सी-१०४ : आमच्या हिला स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल चालू आहे. ती पण पातळ करायचीच गोळी. कुणाची संपली तर आमच्यातली घेऊन जा, संकोच करू नका.

ए-१०२ (मेडिकल) : काका, मन मोठं आहे तुमचं, पण असं देऊ-घेऊ नका. आपण सगळ्यांनाच 'पातळ करायची गोळी' म्हणतो, तिथंच घोळ होतो. क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू देत नाहीत. ॲसिट्रोम, वॉर्फरिन व्हिटॅमिन के च्या वाटेनं काम करतात. अपिक्सबान, रिवारोक्सबान, डाबीगाट्रान ह्या नव्या गोळ्या तिसऱ्याच. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. धातूच्या व्हॉल्व्हवाल्यांना तर ह्या नव्या गोळ्या द्यायच्याच नसतात. आणि हिची स्टेंटची गोळी तुम्ही वाटून टाकली तर स्टेंट बंद पडायचा धोका तुमच्याच घरात.

डी-२०३ : माझ्या आईला अपिक्सबान आहे. तिला रक्त तपासावं लागत नाही, म्हणून आम्ही तसे निवांत असतो.

ए-१०२ (मेडिकल) : तपासणी लागत नाही हे खरं. पण तिचा असर साधारण दिवसाभरात उतरतो. म्हणजे चुकवायची मुभा उलट कमी. दोन वेळची गोळी दोन्ही वेळा. कुणाला डाबीगाट्रानची कॅप्सूल असेल तर ती मूळ पाकिटातच राहू दे, दमट हवेनं खराब होते. फोडून, पाण्यात कालवून देऊ नका.

सी-१०४ : आणि एखादी चुकलीच तर?

ए-१०२ (मेडिकल) : ॲसिट्रोम, वॉर्फरिन त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट घेऊ नका, नेहमीचीच घ्या, आणि चुकलेली तारीख लिहून डॉक्टरांना कळवा. बाकीच्यांचं गोळीप्रमाणं वेगळं, आपापल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

बी-२०२ : दादा, २०२१ चं पण सांगू द्या. त्या जुलैत आमच्याकडं महिन्याच्या गोळ्या होत्या, एकही चुकली नाही. आम्ही शाळेतल्या छावणीत होतो. रोज खिचडी, पालेभाजीचं पान नाही. ह्यांना जुलाब लागले. त्यात लेप्टोसाठी, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, डॉक्सीसायक्लिन वाटली, ती घेतली. आठवड्यानं दात घासताना बेसिन लाल झालं. आयएनआर ५.८. गोळी तीच, पण पोट, जेवण, बाकीची औषधं सगळीच बदलली होती. छावणीत कुणी काही दिलं तर आधी सांगा, ॲसिट्रोम चालू आहे म्हणून. लेप्टोची गोळी नाकारा असं म्हणत नाही मी, पण डॉक्टरांना विचारून घ्या आणि आयएनआर लवकर करून घ्या.

ए-३०१ : बाबांचे गुडघे दुखतात, पुरात सामान वर-खाली झालं की ते डायक्लोफेनॅक घेतात.

ए-१०२ (मेडिकल) : आजपासून बंद भाऊ. ब्रुफेन पण नको, पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल चालेल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. टीटीचं इंजेक्शन देणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे जागा जास्त वेळ दाबून धरतील. काळी शी, न थांबणारं नाकाचं रक्त, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, ह्यातलं काही दिसलं तर थांबू नका.

बी-२०२ : आणि होडीत चढताना डोक्याला मार लागला तर टेंगूळ नसलं तरी, बरं वाटत असलं तरी, दवाखान्यात न्यायचं. आमच्या डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलंय.

आम्ही एक कागद करून ठेवलाय. गोळीचं नाव, किती मिलीग्रॅम, कशासाठी, शेवटचा आयएनआर आणि तारीख, डॉक्टरांचा नंबर. गोळ्या आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ह्यांच्या शर्टाच्या खिशात. मोबाईलमध्ये फोटो आहे, पण २०१९ ला तिसऱ्या दिवशी मोबाईल बंद पडला होता.

सी-१०४ : चिठ्ठी महिन्याचीच आहे आमच्याकडं. जादा कशी मिळणार?

ए-१०२ (मेडिकल) : डॉक्टरांना आज रात्री मेसेज टाका, पुराचं सांगून जास्त दिवसांची लिहून मागा. निदान तीन आठवड्यांच्या तरी घरात असू द्यात. पाणी ३९ ला लागलं की गिऱ्हाईक एकदम तुटून पडतं, आणि हायवे बंद झाला की मागून माल येत नाही.

डी-२०३ : आईच्या सतरा आहेत. म्हणजे साडेआठ दिवस.

ए-३०१ : बाबांच्या २ मिलीग्रॅमच्या अकरा. दादा, तेवढ्या नाही मिळाल्या तर १ च्या दोन चालतील?

ए-१०२ (मेडिकल) : चालतील, पण पाकिटावर मोठ्या अक्षरात 'दोन गोळ्या' लिहून देतो. बाबा सवयीनं एकच खातील. मी सकाळी आठलाच दुकान उघडतो. जुनं पाकीट आणि चिठ्ठी घेऊन या, नुसतं नाव सांगू नका.

बी-२०२ : डी-२०३, आईंना जिना उतरवू नका. चिठ्ठी माझ्याकडं द्या, आमच्या बरोबरच आणते.